भुईरिंगणी: माळावरून काढ्याच्या भांड्यापर्यंत

कृष्णाकाठची वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा आणि धोतरा ही सगळी एकाच कुळातली. भुईरिंगणीही त्याच घरची. ज्या कुळात रोजची भाजी आहे, त्याच कुळात जीव घेणारे विषही आहे. म्हणून "झाडपालाच तर आहे, काय होतंय?" असे या कुळाबद्दल कधी म्हणू नये. तरीही भुईरिंगणी घरात असावी असे मला मनापासून वाटते. खोकल्यावरच्या जुन्या औषधांत तिच्याइतका भक्कम आधार असलेल्या वनस्पती थोड्या आहेत. शिवाय आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्म्या भागात ती पायाखाली उगवते. फक्त ती कुठून उपटली आणि कोणत्या खोकल्याला दिली, या दोन गोष्टींवर तिचा सगळा गुण अवलंबून असतो. काढा उकळणे हे त्यातले सर्वांत सोपे काम आहे.

शास्त्रीय नाव सोलॅनम व्हर्जिनियानम. जुन्या पुस्तकांत सोलॅनम झँथोकार्पम किंवा सोलॅनम सुरात्तेन्स अशी नावे दिसतील, वनस्पती तीच. आयुर्वेदात कंटकारी, निदिग्धिका, व्याघ्री, क्षुद्रा. दशमुळांतल्या, म्हणजे दहा औषधी मुळांच्या गटातल्या, लघुपंचमुळात शालपर्णी, पृश्निपर्णी, डोरली आणि गोखरू यांच्या जोडीला ही असते. चरकसंहितेत खोकला कमी करणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात तिचे नाव आहे आणि घशाला हितकर द्रव्यांतही आहे. कंटकारी अवलेह, व्याघ्री हरीतकी ही दुकानात मिळणारी औषधे तिच्यापासूनच बनतात.

कोल्हापुरात कुठे शोधायची

गगनबावड्याकडे जाऊ नका. तिकडे वर्षाला साधारण ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि रिंगणीला पाय ओले चालत नाहीत. तिला कोरडा, मुरमाड, उन्हाचा माळ लागतो. हातकणंगले, शिरोळ, कागलचा पूर्व भाग, आळत्याजवळचा रामलिंगचा डोंगर, बाहुबलीच्या आसपासची माळराने हे तिचे प्रदेश. पडीक जमिनीत, पाणंदीच्या कडेला, जुन्या दगडी तालींच्या पायथ्याशी ती जमिनीला चिकटून पसरलेली असते. पावसाळ्यात गवतात ती दिसतही नाही. दिवाळी झाली, गवत वाळले की जागोजागी हिरव्या काटेरी चकत्या उघड्या पडतात. तिथून चैत्रापर्यंत तिचा हंगाम असतो.

ओळख: घाई करू नका

रिंगणी उभी वाढत नाही. मुळाच्या माथ्यापासून फांद्या चारी बाजूंना जमिनीवर पसरतात. खोड, पानाचा देठ, पानाच्या शिरा, फळावरची टोपी, सगळीकडे सरळ, पिवळे, चकचकीत काटे असतात. काटा वाकडा असेल तर ती रिंगणी नव्हे. पान खोल कातरलेले, त्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांच्या शिरांवर काटे. फूल जांभळे, मध्ये पिवळे पुंकेसर, म्हणजे अगदी वांग्याच्या फुलाच्या घडणीचे. फळ गोटीएवढे, कच्चे असताना हिरव्यावर पांढरे पट्टे, पिकल्यावर पिवळे. फूल आणि फळ दोन्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झाड उपटायचे नाही, एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक चुका टळतात.

गोंधळ होतो तो पुढच्या तीन झाडांशी.

पहिला पिवळा धोतरा. नाव धोतरा असले तरी हा अफूच्या कुळातला. हिवाळ्यात त्याची कोवळी रोपे जमिनीलगत पसरलेली आणि काटेरी असतात, त्यामुळे फूल येण्याआधी नवखा माणूस हमखास फसतो. त्याची पाने निळसर हिरवी, शिरांवर पांढरे पट्टे. देठ मोडला की पिवळा चीक येतो. रिंगणीला चीक नसतो. ही चाचणी दोन सेकंदांत होते, ती प्रत्येक झाडावर करा. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने १९९८ साली दिल्लीत साठहून अधिक माणसे दगावली होती.

दुसरी डोरली, म्हणजे बृहती. ही कमरेएवढे उभे झुडूप होते, काटे वाकडे, फळे वाटाण्याच्या आकाराची, घोसात, पिकल्यावर नारिंगी. तीही औषधी आहे, दशमुळातली आहे, त्यामुळे बाजारात दोघींची सरमिसळ सर्रास होते. विषबाधेची भीती त्यामानाने कमी, पण हवे ते औषध हातात पडत नाही.

तिसरे झाड जरा फसवे. पश्चिमेकडे, पन्हाळा-शाहूवाडीच्या अंगाला, रस्त्याकडेला एक उभी काटेरी वनस्पती दिसते. तिचे कच्चे फळही हिरवे आणि पांढऱ्या नक्षीचे, पिकल्यावर पिवळे. पण फूल पांढरे, पान मोठे आणि मऊ लव असलेले. ही सोलॅनम व्हायरम. स्टेरॉइड औषधांचा कच्चा माल म्हणून भारतात एकेकाळी तिची लागवड केली जात असे, यावरूनच तिच्या फळात सोलासोडिनसारखी रसायने किती असतात हे कळावे. घरगुती काढ्यात तिला जागा नाही.

पांढऱ्या फुलाच्या रिंगणीबद्दल स्वतंत्र सांगावे लागेल. खऱ्या भुईरिंगणीतही क्वचित पांढऱ्या फुलाचे झाड सापडते. तिला लक्ष्मणा म्हणतात आणि मूल होण्यासाठी म्हणून ती भरमसाट किमतीला विकली जाते. मूल होत नाही म्हणून आधीच खचलेल्या जोडप्याला हे विकणे मला संतापजनक वाटते. पांढरे फूल दिसले तर पाहा, फोटो काढा आणि पुढे जा.

शंका असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा गावातल्या वैद्यांकडे फूल-फळासह फांदी घेऊन जा. मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपवर या कुळाच्या बाबतीत मी विसंबत नाही. काटेरी सोलॅनमच्या दोन जातींत ती सहज गल्लत करतात.

कुठली रिंगणी घ्यायची नाही

माझ्या मते या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

आपला जिल्हा उसाचा. पूर्वी बायका भांगलण करायच्या, आता मजूर मिळत नाहीत म्हणून बांधापर्यंत तणनाशक मारले जाते. उसात टू-फोर-डी, अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन ही नेहमीची नावे. रिंगणी बांधावरच वाढते आणि फवारणीचा मारा खाऊनही कधीकधी तग धरून राहते. अशा झाडाची पाने पिळवटलेली, अरुंद, खोडाची टोके वाकलेली दिसतात. ते झाड घेऊ नका. पण फवारा बसूनही वरून ठणठणीत दिसणारे झाड असतेच, म्हणून माझा सल्ला असा, की उसाच्या, भाजीच्या किंवा द्राक्षाच्या शेताच्या बांधावरची रिंगणी दिसायला कितीही चांगली असली तरी सोडून द्या. मालकाला विचारून "या बाजूला वर्षभर काही मारलेलं नाही" अशी खात्री झाली तरच हात लावा.

दुसरी टाळायची जागा पंचगंगेचा काठ. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी काठावर गाळाचे थर आणून टाकले. त्या नदीत शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते, हे आपल्याला रोज दिसते. गाळातले जड धातू मुळांवाटे झाडात चढतात आणि ते उकळून जात नाहीत.

तिसरी जागा महामार्गाची कड. पुणे-बेंगळुरू रस्त्यालगत धूळ आणि धूर बसलेली रिंगणी पुष्कळ असते. रस्त्यापासून निदान दोन-तीन शेते आत जा.

देवराई आणि वनखात्याच्या हद्दीतून काही उपटायचे नाही, हे वेगळे सांगायला नको.

काढणी

जाड चामडी हातमोजे, खुरपे, छोटी कुदळ आणि बुट्टी एवढे पुरे. प्लॅस्टिकची पिशवी नको, काटे तिच्यातून आरपार जातात. झाड फुलांवर असावे, काही फळे हिरवी असावीत. मूळ सरळ खोल जाते, म्हणून ओढून काढू नका, अर्धे मूळ जमिनीतच राहते. बाजूने कुदळीने माती मोकळी करा आणि मग सगळे झाड उचला.

एका ठिकाणी दहा झाडे असतील तर दोन-तीनच घ्या, आणि पिकल्या फळांची झाडे तशीच ठेवा. मुळासकट काढायची वनस्पती असल्याने हावरटपणा केला की पुढच्या वर्षी तो माळ रिकामा दिसतो.

काटा बोचला तर साबण-पाण्याने धुऊन जंतुनाशक लावा. मातीतला काटा खोल गेला असेल आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जा.

धुणे, कापणे, वाळवणे

घरी आणल्यावर आधी फळे वेगळी करा. आयुर्वेदात पंचांग, म्हणजे मूळ, खोड, पान, फूल, फळ असे सगळेच वापरतात. पण घरच्या काढ्यासाठी मी फळे वगळायला सांगतो. या कुळातली सोलासोनिन, सोलामार्जिन यांसारखी अल्कलॉइडे कच्च्या फळात जास्त असतात, आणि मात्रेचा अंदाज घरी बांधता येत नाही. फळाचा वापर वैद्यांवर सोडावा.

बाकीचे झाड वाहत्या पाण्यात तीन वेळा धुवा. मुळाच्या खाचांत माती बसते, ती जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा. मग बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. मूळ ओले असतानाच कापायचे, वाळल्यावर ते चिवट होते आणि कोयता लागतो.

वाळवण सावलीत, जाळीवर किंवा सुती कापडावर. वर्तमानपत्रावर पसरू नका, छपाईची शाई ओल्या पाल्याला लागते. दसऱ्यापर्यंत कोल्हापूरची हवा दमट असते, त्या दिवसांत केलेले वाळवण आतून बुरसते आणि बाहेरून कळत नाही. नोव्हेंबर ते मार्चमध्ये हवेशीर माळ्यावर ते आठवड्या-दीड आठवड्यात होते. मुळाचा तुकडा वाकवल्यावर कट् आवाज करून तुटला म्हणजे वाळला. नुसता वाकला तर अजून दोन दिवस ठेवा.

काचेच्या बरणीत भरा. वर चिठ्ठी लावाच: नाव, कुठून आणले, कोणत्या महिन्यात. वर्षभरात संपवा. काळे ठिपके, कुबट वास किंवा किडीचा भुगा दिसला तर सगळी बरणी टाकून द्या, वरचे निवडून काढून उरलेले वापरू नका.

काष्ठौषधीच्या दुकानातून घेणार असाल तर पूड घेऊ नका. पुडीत डोरली आहे, रिंगणी आहे की नुसते खोड आहे, हे डोळ्यांना कळत नाही. अख्खे वाळलेले तुकडे मागा. त्यात सरळ पिवळे काटे आणि सुरकुतलेली फळे, चपट्या बिया दिसल्या पाहिजेत. नुसत्या काड्या असतील तर परत करा. ही फळे-बिया ओळखीपुरत्या, काढ्याआधी त्याही वेगळ्या करा.

कोणत्या खोकल्याला

रिंगणी कडू, तिखट आणि उष्ण. छातीत घरघर, घट्ट चिकट कफ, सकाळी उठल्यावर खाकरून खाकरून तो सुटत नाही, पडशानंतर आठवडाभर ओला खोकला रेंगाळतो, अशा वेळी तिचा उपयोग. उसाचा हंगाम सुरू झाला की पाचट पेटवल्याचा धूर आणि थंडी एकत्र येते, तेव्हा असा खोकला घरोघरी असतो.

कोरडा, घसा जाळणारा, ढास लागणारा खोकला असेल तर रिंगणी देऊ नका. तिने घसा आणखी कोरडा पडतो. तिथे ज्येष्ठमधाचा तुकडा चघळणे बरे.

दम्याबद्दल नीट समजून घ्या. दम्याच्या रुग्णांना रिंगणीची पूड देऊन आपल्याकडे छोटे अभ्यास झाले आहेत. त्यांत श्वासाची क्षमता काही प्रमाणात सुधारल्याचे दिसले, पण सॅल्ब्युटामॉल किंवा डेरिफायलिन या दम्याच्या नेहमीच्या औषधांनी येतो त्यापेक्षा तो फरक कमी होता. म्हणजे गुण आहे, पण पंपाची जागा ती घेऊ शकत नाही. दम्याचा झटका आलेल्या माणसासमोर काढा उकळत बसणे जिवावर बेतू शकते. पंप द्या आणि दवाखाना गाठा.

काढा

भरड १० ग्रॅम, म्हणजे खलबत्त्यात जाडसर कुटलेले साधारण दोन सपाट मोठे चमचे. शक्यतो वजन करा, कारण काड्यांचा चमचा आणि पाल्याचा चमचा यांत फार फरक पडतो. आयुर्वेदाच्या औषधिकोशात काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम अशी मात्रा दिलेली आहे. ती वैद्यांच्या देखरेखीची मात्रा समजावी. वैद्यांना न दाखवता १० ग्रॅमच्या वर जाऊ नये.

पाणी सोळा पट, १६० मिलिलिटर. भांडे स्टीलचे किंवा मातीचे, अ‍ॅल्युमिनियमचे नको. भरड अर्धा तास पाण्यात भिजू द्या. मग मंद आचेवर, झाकण न ठेवता, पाणी चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवा. त्याला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत आटवले तर पाणी उडते, पण मुळातला अर्क उतरत नाही. उरलेले ४० मिलिलिटर दुपदरी सुती कापडातून गाळा. चहाच्या गाळणीतून काट्याचे तुकडे निसटतात आणि घशात टोचतात.

हे ४० मिलिलिटर म्हणजे मोठ्या माणसाचा दिवसभराचा काढा. सकाळ-संध्याकाळ निम्मा निम्मा, जेवणानंतर, कोमट. त्यात चिमूटभर पिंपळीची पूड घालण्याची पद्धत फार जुनी आहे आणि कफ सुटायला तिची खरोखर मदत होते. पिंपळी नसेल तर सुंठ. चव अतिशय कडू लागते, म्हणून वरून गुळाचा खडा खा. गूळ आपल्याकडचाच, पण पांढरा-पिवळा चकचकीत नको, गुऱ्हाळावरून रसायन न घातलेला काळपट गूळ आणा. मध घालायचा असेल तर काढा कोमट झाल्यावर. मधुमेही माणसाने दोन्ही टाळावे.

रोज ताजा करा. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पिऊ नका. तीन ते पाच दिवस घ्या. त्यात फरक पडला नाही तर मात्रा वाढवायची नाही, थांबायचे.

कोणी घ्यायचा नाही

गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि बारा वर्षांखालची मुले यांना घरगुती रिंगणी नको. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, आम्लपित्ताचा जोराचा त्रास असेल तरीही नको. प्राण्यांवरच्या प्रयोगांत रिंगणीने रक्तातली साखर कमी झाल्याचे दिसले आहे, त्यामुळे साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर काढा चालू असल्याचे तिथे सांगा. बरेच जण "ते काय औषध थोडंच आहे" म्हणून सांगत नाहीत.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, थुंकीतून रक्त पडले, संध्याकाळी बारीक ताप येतो आहे, वजन उतरते आहे, यांतले काहीही असेल तर काढा बाजूला ठेवा आणि थुंकीची तपासणी करा. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातही आणि तालुक्याच्या रुग्णालयातही. रिंगणीने खोकला थोडा हलका वाटतो आणि तेवढ्यावर महिना निघून जातो, हाच तिचा मोठा धोका आहे.

दातांची धुरी

दाढ दुखली की रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडात धूर घेण्याचा उपाय आपल्या भागात अजून चालतो. धुरानंतर कीड पडली म्हणून पांढरे बारीक कण दाखवले जातात. दाताला अशी कीड नसतेच. साखर आणि पिठूळ अन्नावर वाढणारे जिवाणू आम्ल तयार करतात आणि दात पोखरतात. धुराने थोडा वेळ बधिरपणा येतो, पोखरणे आत चालूच राहते आणि गरम धुराने टाळू भाजते. हा एक वापर मात्र बंद व्हावा असे मला ठामपणे वाटते.

विषबाधा झाली तर

पिवळी फळे दिसायला छान असतात आणि माळावर खेळणारी पोरे ती तोंडात घालतात. मळमळ, उलटी, पोटात कळ, जुलाब, गुंगी ही लक्षणे. तोंड कोरडे पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, अंग लाल होऊन बरळणे, असे दिसले तर फळ रिंगणीचे नसून धोतऱ्याचे असण्याची शक्यता जास्त. दोन्ही वेळा काम एकच: तोंडातले उरलेले काढा, मुद्दाम उलटी करवू नका, मिठाचे पाणी किंवा ताक पाजू नका, १०८ ला फोन करा. जे खाल्ले त्याची फांदी किंवा फळ कागदात गुंडाळून सोबत न्या. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.

घरी लावायची असेल तर

एवढी सगळी खबरदारी घेताना कोणालाही वाटेल, की आपलीच का लावू नये? लावावीच. स्वच्छ रिंगणी मिळण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग.

पूर्ण पिवळे, सुरकुतायला लागलेले फळ घ्या, हातमोजे घालून फोडा, गर धुऊन बिया सावलीत वाळवा. ऑगस्टमध्ये ट्रेमध्ये वाळू आणि शेणखत मिसळलेल्या मातीत अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, मध्ये धीर सोडू नका. सप्टेंबरअखेर पावसाचा जोर ओसरला की चार-पाच पानांची रोपे हलवा. जमिनीत दोन रोपांत दोन फूट अंतर हवे. कुंडी असेल तर ती खोलीपेक्षा रुंदीला मोठी असावी, तळाला चांगली भोके असावीत, आणि मातीत निम्मा मुरूम. काळ्या मातीत पाणी साचून मूळ कुजते, शिरोळच्या भारी जमिनीत लावायची असेल तर उंच गादीवाफा करा.

पाणी आठवड्यातून एकदा, माती वाळल्यावर. खत जास्त घातले तर पाला माजतो आणि फूल लांबते. मावा आणि पांढरी माशी वांग्यावर येते तशी हिच्यावरही येते. निंबोळी अर्काच्या पुढे जाऊ नका, नाहीतर उसाच्या बांधावरच्या झाडात आणि तुमच्या झाडात फरक काय राहिला? वांगी-टोमॅटोच्या वाफ्याजवळ मात्र लावू नका, त्यांचे रोग एकमेकांना लागतात.

फेब्रुवारीपर्यंत झाड काढणीला येते. अंगणात लहान मुले असतील तर फळ पिवळे व्हायला लागताच खुडत जा. बियांसाठी एकच झाड राखा, तेही जाळीच्या आत.